चौघांतली एक

माझं पूर्ण नाव दुकानात भिंतीवर टांगलेलं आहे. औषधविक्रीच्या परवान्याशेजारी काचेच्या चौकटीत माझं नोंदणी प्रमाणपत्र आहे. त्यावर नुकतीच डी.फार्म. झाले तेव्हाचा फोटो, वडिलांचं नाव आणि नोंदणी क्रमांक. १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं, म्हणून काउंटरमागे उभी असलेली बाई कोण, हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका दुपारी एका गिऱ्हाइकाने ‘मॅडम’ म्हणणं सोडलं आणि त्या चौकटीतलं नाव उच्चारून मला हाक मारली. बिलावर शिक्का मारता मारता माझा हात थांबला. त्या हाकेत औषधाचा काही संबंध नव्हता.

नागपुरात मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या आसपास औषधांची दुकानं दाटीने आहेत. त्यांतल्याच एका दुकानात मी काम करते. या गृहस्थांची ओळख त्यांच्या पत्नीच्या इन्सुलिनमुळे झाली. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, पण बर्फाच्या कप्प्यात ठेवलं की ते निकामी होतं. हे त्यांना मीच समजावून सांगितलं होतं. दर वेळी ते स्टीलच्या डब्यात बर्फ घेऊन यायचे, मग मी त्यांना थंड जेलची पिशवी द्यायला लागले. पुढे बाईंच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, आणि एका पावसाळ्यात त्या वारल्या. काही दिवसांनी ते न उघडलेल्या कार्ट्रिज घेऊन आले. परत घेता येतात का, म्हणाले. थंड ठेवायचं औषध एकदा दुकानाबाहेर गेलं की परत घेता येत नाही, ते मी सांगितलं. ते तसेच उभे राहिले. मी स्टूल ओढून त्यांना बसवलं, पाणी दिलं. दुकानात गर्दी होती, तरी त्यांच्याशी दोन शब्द बोलले.

ते मी केलं यात काहीच वावगं नव्हतं, आणि आजही कुणासाठीही करीन.

त्यानंतर ते स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांसाठी येऊ लागले. चिठ्ठी महिन्याची, पण ते दहा गोळ्यांचा एकच पत्ता घ्यायचे. मग पाचच गोळ्या. पत्ता कापायची एक रीत असते. बॅच नंबर आणि मुदत ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूने कापायचं, म्हणजे उरलेल्या गोळ्या कुठल्या आणि कधीपर्यंतच्या, हे कळतं. मी कात्री घेऊन ते करत असताना ते माझ्या हातांकडे बघत राहायचे. पैशांची अडचण असेल असं वाटून मी एकदा तसं विचारलं. ते म्हणाले, “नाही नाही, तेवढंच येणं होते.” माझी पाळी सकाळची की दुपारची, हे त्यांना माझ्या बहिणीपेक्षा जास्त माहीत झालं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर ते बाजूला थांबायचे. जेवण झालं का, आज चेहरा का उतरला, हा रंग तुम्हाला शोभते. चिठ्ठ्यांचे फोटो पाठवता यावेत म्हणून दुकानाचा एक फोन आहे, तो रात्री माझ्याकडे असायचा. त्यावर आधी गुलाबाची चित्रं यायला लागली, मग लांबलचक मजकूर.

अशा वेळी काय करावं, याची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. मालक म्हणाले, जुनं गिऱ्हाईक आहे, हसून दोन शब्द बोलायचे, आपलं काय जाते? सोबतची मुलगी म्हणाली, त्याला दादा म्हण न, विषयच संपते. आईने गळ्यात काळी पोत घालून बसायला सांगितलं. एक मैत्रीण म्हणाली, काही बोलूच नको, आपोआप कंटाळेल. हे सगळे माझ्या बाजूचे लोक. तरी त्यांच्या बोलण्यातून मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळेना, कारण माझा प्रश्न सुटका कशी करून घ्यायची एवढाच नव्हता. मी बौद्ध घरात वाढले. मैत्री आणि करुणा हे शब्द मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी ऐकले. समोरचा माणूस एकाकी आहे, दुःखात आहे, आणि त्याला माझ्याकडून काहीतरी हवं आहे. ते मी देणार नाही. हे नाकारणं धम्मात कुठे बसतं? आणि बसत नसेल, तर मी आजवर जे मैत्री म्हणून शिकले ते काय आहे? रात्री तो फोन वाजला की मला भीतीइतकाच हाही प्रश्न छळायचा.

पोतीचं आधी सांगते. माझं लग्न झालंय की नाही, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लग्न झालेलं असेल म्हणून मी नाही म्हणायचं, तर त्याचा अर्थ असा होतो की मी आधीच कुणाच्या तरी नावावर आहे, म्हणून उपलब्ध नाही. मग जिच्या नावापुढे कुणाचं नाव नाही तिने काय सांगायचं? माझा नकार माझाच असला पाहिजे. तो दुसऱ्या पुरुषाच्या हक्काच्या आडोशाने उभा राहिला तर त्या गृहस्थांचा आणि माझा वाद एवढाच उरतो की मी कुणाची.

‘दादा म्हण’ हा सल्ला त्याहून जुना आहे, आणि त्याची परीक्षा अडीच हजार वर्षांपूर्वीच झालेली आहे. संयुत्त निकायात एक संवाद येतो. कोसंबीचा राजा उदेन पिंडोल भारद्वाज या भिक्खूंना विचारतो, की हे ऐन तारुण्यातले भिक्खू जन्मभर ब्रह्मचर्य पाळतात ते कशाच्या बळावर? भारद्वाज सांगतात, की आईच्या वयाच्या स्त्रीला आई मानावं, बहिणीच्या वयाच्या स्त्रीला बहीण, मुलीच्या वयाच्या मुलीला मुलगी, अशी भगवंतांची शिकवण आहे. राजा म्हणतो, मन फार चंचल आहे. आई म्हणावं अशा स्त्रीबद्दलही त्यात वासना येते. दुसरं काही कारण आहे का? मग भारद्वाज शरीराच्या अशुचितेचं चिंतन सांगतात. राजाचं त्यानेही समाधान होत नाही. ज्यांनी मन कसलेलं नाही त्यांना हे अवघड आहे, म्हणतो. शेवटी भारद्वाज इंद्रियांवरच्या पहाऱ्याबद्दल बोलतात. डोळ्यांनी रूप पाहिलं तरी त्याला चिकटायचं नाही, कानांनी ऐकलं तरी नाही. तेव्हा राजाला पटतं. तो स्वतःचा अनुभव सांगतो, की मीही अंतःपुरात सावध मनाने जातो तेव्हा वासना माझा ताबा घेत नाही, आणि बेसावध जातो तेव्हा घेते.

हा संवाद मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात एक राजा प्रामाणिकपणे कबूल करतो की नात्याचं नाव दिल्याने नजर बदलेलच असं नाही. आणि शेवटी काम कुणाचं ठरतं? बघणाऱ्याचं. अंतःपुरातल्या स्त्रियांनी काय नेसावं, कसं हसावं, राजाला काय म्हणून हाक मारावी, याचा त्या संवादात उल्लेखही नाही. आपल्या दुकानांत, बँकांत, हॉटेलांत मात्र पहारा समोरच्या बाईनेच द्यायचा असतो. तिने दादा म्हणायचं, तिने पोत घालायची, तिने हसू आवरायचं. मी त्या गृहस्थांना दादा म्हटलं नाही. मला ते भाऊ वाटत नव्हते. नाकारण्यासाठी आधी नातं जोडावं लागत असेल तर ते नाकारणं कसलं?

मालकांच्या खुर्चीमागे गिऱ्हाइकाला देव मानावं अशा अर्थाची पाटी आहे, खाली गांधीजींचं नाव छापलेली. तशी पाटी तुम्हीही शंभर दुकानांत पाहिली असेल. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होते. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत, देव नाही. त्यामुळे गिऱ्हाईक देव आहे, हे माझ्या मनात कधी रुजलंच नाही. माझ्यासाठी तो माणूस आहे, आणि माझ्या मते ही जागा वरची आहे. देवाला नाही म्हणता येत नाही. माणसाला म्हणता येतं. माणूस चुकतो, ऐकतो, थांबतो, सुधारतो. दीघ निकायात सिगाल नावाच्या तरुणाला बुद्धांनी सहा दिशांच्या रूपाने सहा नाती सांगितली आहेत. आईवडील, गुरू, बायकामुलं, मित्र, आपल्याकडे काम करणारी माणसं, आणि श्रमण-ब्राह्मण. काम करणाऱ्यांबद्दल मालकाची कर्तव्यं त्यात नेमकी दिली आहेत. ताकद पाहून काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. त्या सहा दिशांत गिऱ्हाईक नाही. मालक आहे, आणि त्याने माझी काळजी घ्यायची आहे. ‘आपलं काय जाते’ म्हणणाऱ्या मालकांना मी हे एकदा सांगितलं. ते गप्प बसले.

कायदाही हेच सांगतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात मालकावर सुरक्षित वातावरणाची जबाबदारी आहे, आणि कामाच्या निमित्ताने जे बाहेरचे लोक संपर्कात येतात त्यांच्यापासूनची सुरक्षितताही त्यात धरलेली आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आमच्यासारख्या दुकानातल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. पाठलागाचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, असं त्याचं स्वरूप आहे. म्हणजे स्पष्टपणे बोलणं तिथेही आलंच. ‘काही बोलू नको, आपोआप कंटाळेल’ हा मैत्रिणीचा सल्ला माझ्यासाठी तिथे निकालात निघाला. धम्माच्या दृष्टीने तो का चुकीचा होता, ते मला थोडं नंतर उमगलं.

आधी माझ्या हसण्याबद्दल. रोज शे-दीडशे माणसं काउंटरवर येतात. मी त्यांच्याकडे पाहून हसते, गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगते, म्हाताऱ्यांच्या पत्त्यांवर पेनने सूर्य आणि चंद्र काढून देते. यासाठी मला पगार मिळतो. मग हे हसणं खरं की खोटं? खोटं असेल तर खोटं न बोलण्याचं शील मी रोज मोडते. खरं असेल, तर त्या गृहस्थांनी त्यात जिव्हाळा पाहिला यात त्यांचं काय चुकलं? ते मला तसं म्हणालेही होते. ‘तुम्ही मनापासून वागता, म्हणून तर.’ हे वाक्य कितीतरी दिवस माझ्या मनात घर करून होतं. कारण ते खरं होतं. मी मनापासूनच वागत होते.

आमच्या विहाराच्या कपाटात धर्मानंद कोसंबींचं ‘समाधिमार्ग’ आहे. गोव्यातल्या सांखवाळचे कोसंबी १८९९मध्ये धर्माच्या शोधात घर सोडून निघाले, सिलोनला जाऊन पाली शिकले आणि बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातल्या ग्रंथाच्या संपादनात त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घातली. त्यांच्यामुळे त्या ग्रंथातलं ध्यानाचं शास्त्र मराठी घरांत आलं. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार भावनांबद्दल बुद्धघोष एक विलक्षण गोष्ट सांगतात. प्रत्येक भावनेला दोन शत्रू असतात, एक दूरचा आणि एक जवळचा. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो ओळखायला सोपा आहे. जवळचा शत्रू आसक्ती. ती ओळखायला अवघड, कारण ती मैत्रीसारखीच दिसते. दोघींनाही समोरच्यातलं चांगलंच दिसतं. जवळचा शत्रू शेजारी वावरत असतो आणि संधी मिळताच आत शिरतो. म्हणून त्याच्यापासून मैत्रीला आधी जपायला हवं, असं ते बजावतात. विशिष्ट भिन्नलिंगी व्यक्तीला समोर ठेवून मैत्रीभावना करू नये, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. त्यासाठी ते एका तरुणाची गोष्ट देतात. प्रिय व्यक्तीबद्दल मैत्री भावावी, असं थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंनी, सांगितलं म्हणून तो आपल्या बायकोबद्दल भावू लागला आणि कामनेने आंधळा होऊन रात्रभर भिंतीशी झगडत बसला.

हे वाचलं तेव्हा माझ्या हसण्याचा गुंता सुटला. माझं हसणं खरंच होतं, आणि ते सगळ्यांसाठी होतं. रिक्षावाल्यासाठी, बाळंतिणीच्या सासूसाठी, उधारी बुडवणाऱ्या पोरासाठी, आणि त्यांच्यासाठीही. मैत्री वाटली तरी उणी होत नाही. त्यांना मात्र ती एकट्यासाठी हवी होती. त्यांनी माझ्यातलं चांगलं पाहिलं हे खरं, आणि पाहताक्षणी त्याला कुंपण घालायला निघाले. मी पाणी दिलं ते एका दुःखी माणसाला. त्यांनी ते स्वतःच्या नावावर लिहून घेतलं. त्यांना मी खोटी आशा दाखवलेली नव्हती. माझ्या मैत्रीशेजारी त्यांची आसक्ती येऊन उभी राहिली होती, आणि दोन्हींचा चेहरा सारखा असल्यामुळे त्यांना त्या वेगळ्या दिसत नव्हत्या. त्या वेगळ्या आहेत, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगण्याजोगी माणसं त्यांच्या आयुष्यात किती उरली होती कोण जाणे. इथे मात्र ते माझ्याकडेच आलं.

सांगायचं कसं, हे शोधताना मला शुभा थेरी आठवली. तिची गोष्ट मी लहानपणी विहारातच ऐकली. थेरीगाथेत ती आहे. राजगृहाजवळ जीवकाच्या आंबराईत शुभा एकटी चालली असताना एक तरुण तिची वाट अडवतो. तिच्या डोळ्यांची स्तुती करतो, काशीची तलम वस्त्रं, रत्नं, सेवेला दासी, चंदनाचा पलंग देऊ करतो. ती त्याला नाना परींनी समजावते. तो ऐकत नाही. शेवटी ती आपला डोळा काढून त्याच्या हातावर ठेवते. त्याची वासना त्या क्षणी विझते आणि तो क्षमा मागतो. पुढे बुद्धांच्या दर्शनाने तिचा डोळा पूर्ववत होतो. ही गोष्ट सांगताना नेहमी अनित्यता आणि देहाचं निःसारपण शिकवलं जातं, आणि डोळ्यापाशी सगळे अवाक होतात.

मला त्या गोष्टीतला डोळ्याआधीचा भाग महत्त्वाचा वाटतो. शुभा पळत नाही. मान खाली घालत नाही. मी तुझं काय वाकडं केलं म्हणून तू वाट अडवतोस, असा सरळ जाब विचारून ती सुरुवात करते आणि मग कितीतरी गाथांतून त्याच्याशी बोलत राहते. आपण कोण, आपल्याला काय हवं आणि काय नको, हे तिच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं मी वाचलेलं नाही. तिचे शब्द पुरेसे होते. ते त्याला पुरले नाहीत, हा त्याचा दोष. तिच्या डोळ्याला मी वंदन करते, पण तो आदर्श म्हणून मुलींसमोर ठेवायला माझं मन धजत नाही. पुरुषाला शुद्धीवर आणायला बाईने स्वतःचा अवयव काढून द्यावा, नोकरी सोडावी, वाट बदलावी, कोमेजून जावं, ही किंमत थेरीने एकदा मोजली. रोज काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बायकांकडून ती वसूल करायची नसते.

म्हणून बोलायचं ठरवलं. बोलण्याबद्दल बुद्धांनी अभय राजकुमाराला जे सांगितलं ते मज्झिम निकायात आहे. राजकुमाराच्या मांडीवर तेव्हा त्याचं तान्हं मूल होतं. बुद्ध विचारतात, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणतो, डोकं धरून, बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची दया येते. त्यावर बुद्ध सांगतात, की जे खरं आहे आणि हिताचं आहे, पण ऐकणाऱ्याला आवडणारं नाही, ते तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. गप्प राहणं म्हणजे दया, असं त्यांनी म्हटलेलं नाही. मी गप्प राहिले असते तर तो माणूस आणखी महिनाभर, वर्षभर त्याच आशेवर पाच-पाच गोळ्या नेत राहिला असता. माझं मौन त्याने होकारात जमा केलं असतं. आपोआप कंटाळेपर्यंत वाट पाहणं ही त्याच्यावरची करुणा नव्हतीच, माझ्यावरची तर नव्हतीच नव्हती.

एका दुपारी त्यांनी चिठ्ठीखाली मोगऱ्याचा गजरा सरकवला, पळसाच्या पानात बांधलेला. दुकानात सोबतची मुलगी होती, मालक गल्ल्यावर होते. म्हणजे वेळ योग्य होती. गजरा उचलून मी त्यांच्या बाजूला ठेवला आणि म्हणाले, “साहेब, हे मी घेणार नाही. मी तुम्हाला औषध देते. त्यापलीकडे माझ्या मनात काही नाही, आणि पुढेही येणार नाही. फुलं, मेसेज, फोन, दुकानाबाहेर थांबणं, हे सगळं आजपासून बंद करा. गोळ्या महिन्याच्या एकदम घेऊन जा.”

त्यांचा चेहरा पडला. “तुम्ही त्या दिवशी पाणी दिलं होतं,” ते म्हणाले.

“पुन्हा कुणी तसं आलं तर त्यालाही देईन.”

“मी काही वाईट मनाने नाही...”

“वाईट मनाने आलात असं मी म्हटलं नाही. मला नको आहे, एवढंच सांगतेय.”

त्यांनी गजरा उचलला नाही. मीही पुन्हा हात लावला नाही. आक्कोसक भारद्वाज हा ब्राह्मण बुद्धांना शिव्या द्यायला आला होता, तेव्हा बुद्धांनी त्याला विचारलं होतं, की पाहुण्यांपुढे ठेवलेलं अन्न त्यांनी घेतलं नाही तर ते कुणाचं? यजमानाचंच, असं तो म्हणाला. तिथे गोष्ट शिव्यांची होती, पण प्रेमाच्या नावाने पुढे केलेल्या वस्तूलाही तोच न्याय लागू होतो. देणाऱ्याने दिलं म्हणून घेणारा बांधला जात नाही. मी घेतलं नाही, म्हणजे तो गजरा त्यांचाच होता. संध्याकाळी झाडताना सोबतच्या मुलीने तो उचलला.

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं नाही असं नाही. बायको गेलेल्या माणसाच्या घरात संध्याकाळी काय असतं, याची मला कल्पना आहे. पण वाईट वाटलं म्हणून सांगितलेलं मागे घ्यायचं नसतं.

पुढचे काही दिवस दुकान बंद करायच्या वेळी ते समोरच्या पानठेल्यावर उभे दिसले. तेव्हा मात्र मी मालकांना लेखी दिलं, तारीख घातली, फोनवरच्या मजकुराचे फोटो जोडले आणि एक प्रत स्वतःकडे ठेवली. मालकांनी आधी टाळाटाळ केली. मग स्थानिक समितीचं नाव काढल्यावर त्यांनी स्वतः त्या गृहस्थांना गाठून समज दिली. विहारातल्या एका बाईंनी मला विचारलं, एवढं करायची गरज होती का? माणूस तसा सज्जन होता. मी म्हटलं, सज्जन माणसाला सांगितलेलं समजतं, म्हणूनच पहिल्यांदा तोंडी सांगितलं होतं.

काही आठवड्यांनी त्यांचा पुतण्या चिठ्ठी घेऊन आला. मी महिन्याच्या तीस गोळ्या मोजून दिल्या, मुदत तपासली, आणि बीपी नियमित मोजतात का, ते विचारलं. हे का विचारलंस, असं सोबतच्या मुलीने नंतर मला विचारलं. प्रत्येकाला विचारते, म्हणून त्यांच्याबद्दलही विचारलं. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दहा पारमितांमध्ये उपेक्खा सांगितली आहे, आणि ती बेपर्वाईहून वेगळी, असं मुद्दाम म्हटलं आहे. आवड नाही, नावड नाही, आणि तरी हातातलं काम सोडायचं नाही. वर्षावासात दर वर्षी तो भाग विहारात वाचला जातो आणि दर वर्षी मी तो उंच ठिकाणी बसलेल्या कुणा भिक्खूबद्दल आहे असं समजून ऐकायचे. तो औषधाच्या काउंटरबद्दलही आहे. ज्याने मला त्रास दिला त्याच्या गोळ्या बरोबर मोजणं, त्यात चूक होऊ न देणं, आणि त्या मोजताना हात न थरथरणं, हे सगळं त्यात आलं.

आजी म्हणून आम्ही ज्यांना हाक मारतो त्या विहारातल्या सर्वांत वडील बाई. त्यांचं म्हणणं पडलं की मी त्या गृहस्थांशी जरा कठोर वागले. मैत्रीत स्वतःला विसरावं लागतं. त्या मला फार जवळच्या आहेत, म्हणून उत्तर द्यायला मी घाई केली नाही. मग त्यांना ‘विसुद्धिमग्गा’तला एक प्रसंग वाचून दाखवला. मैत्री भावताना क्रम असतो: आधी स्वतः, मग प्रिय व्यक्ती, मग मध्यस्थ, म्हणजे ना प्रिय ना अप्रिय, आणि शेवटी वैरी. मैत्री पूर्ण झाली की या चौघांमधली सीमा गळून पडते. ती गळाली की नाही, याची परीक्षा बुद्धघोष अशी घेतात. हे चौघे एकत्र बसलेत. दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एक जण मागतात. ‘याला न्या’ असं साधकाच्या मनात आलं तर सीमा गळालेली नाही, हे उघड आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असं आलं, तरी ती गळालेली नाही, असं ते म्हणतात. कारण मग त्याने एकाचं अहित चिंतलंच, फक्त तो एक तो स्वतः होता. चौघांपैकी कुणालाच द्यावंसं वाटत नाही, तेव्हा ती मैत्री.

आजींनी तो उतारा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. चष्मा पुसला. मग म्हणाल्या, “आमच्या काळी हे कुणी आम्हाला वाचून नाही दाखवलं.” त्या सोळाव्या वर्षापासून लोकांच्या घरी कामाला जात होत्या. पुढे त्यांनी जे सांगितलं ते त्यांचं आहे, मी लिहिणार नाही.

एका मुद्द्यावर आमचं अजून जमत नाही. त्या म्हणतात, ते गृहस्थ पुन्हा स्वतः आले तर मी आत जावं आणि दुसऱ्या कुणी औषध द्यावं. मला तसं वाटत नाही. औषध मिळणं हा त्यांचा हक्क आहे आणि काउंटर माझी जागा आहे. मैत्रीभावनेच्या वेळी मी त्यांचं नाव घेत नाही. बुद्धघोषांनी दिलेला इशारा मला पटलेला आहे. वैऱ्यांच्या जागीही मी त्यांना धरत नाही. ते मध्यस्थांत आहेत, जिथे माझी बहुतेक गिऱ्हाइकं आहेत. आले तर चिठ्ठी बघेन, तीस गोळ्या देईन, बिल करीन. दुकानाचा फोन रात्री आता मालकांकडे असतो.